पाठीला वेगळं, नडगीला वेगळं

बुधवारी दुपारी पावणेपाचला ती घरातून निघाली, तेव्हा आई उशांना टेकून, चष्मा कपाळावर चढवून भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे बघत होती. शाळेनं भूगोलाच्या बाईंना, म्हणजे आईला, निरोप देताना प्रयोगशाळेतलं हे जुनं तबकडीचं यंत्र दिलं होतं. मांडीचं हाड मोडून पलंगाला खिळल्यापासून आईचा दिवस त्याच्या काट्याबरोबर चालायचा.

"ब्याऐंशी टक्के," आईनं जाहीर केलं. "काल अठ्ठ्याहत्तर होती. तुझ्या मलमवाल्याला सांग, आज पाठीला कुणी हात लावायचा नाही."

"तो माझा मलमवाला नाही. आणि ते मलम नाही, लोशन आहे."

"दोन चुका काढल्यास. पहिली जरा घाईनंच काढलीस."

ती हसू दाबत पिशवी शोधू लागली. खिडकीबाहेर आभाळ मळक्या चादरीसारखं खाली आलं होतं. पाऊस पडत नव्हता, थांबलेलाही नव्हता. तारेवरचे कपडे दोन दिवसांपासून ओलेच होते.

"मावशी पाचला येतेय. मी त्याआधी येते."

"ये सावकाश. मी कुठे पळून जातेय?"

इतकंच. चपला सरकवताना तिनं मागे वळूनही बघितलं नाही. बघायचं कारण काय होतं?

*

ह्या मलमवाल्याची गाठ पडली ती चार महिन्यांपूर्वी, आणि तीही तिच्या एका चुकीमुळे.

ती मुद्रितं तपासायची. घरी बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या, असं तिचं काम. आई आजारी पडल्यावर तिनं शुश्रूषेवरची दोन जाडजूड पुस्तकंही तशीच, पेन्सिल हातात घेऊन वाचली. 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची त्वचा कोरडी पडू देऊ नये' ह्या वाक्याखाली रेघ मारली आणि मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानातून सगळ्यात महाग डबा आणला. डब्यावर बर्फाच्छादित डोंगर होता. आत लोण्यासारखं घट्ट क्रीम. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं ते आईच्या अंगभर चोळलं. चौथ्या दिवशी आईच्या पाठीवर बोट ठेवायला जागा उरली नाही, इतकं लालभडक पुरळ उठलं.

नेहमीचं औषधाचं दुकान त्या दिवशी बंद होतं. म्हणून ती बसथांब्यामागच्या गल्लीतल्या छोट्या दुकानात शिरली. अरुंद जागा, लाकडी काउंटर, बाजूला एक उंच स्टूल. आतल्या माणसानं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेनानं एक, दोन, तीन असे आकडे लिहिले होते.

"घामोळ्यावर काहीतरी द्या. आईसाठी."

"काय लावत होतात?"

तिनं अपराध्यासारखा डबा पिशवीतून काढला. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, आणि चेहरा असा केला की तिला आणखी शरमल्यासारखं झालं.

"हा डबा थंड, कोरड्या हवेतल्या माणसांसाठी केलेला आहे. तिथली हवा कातडीतलं पाणी ओढून घेते, म्हणून वरून झाकण लागतं. आपल्याकडे हवाच ओली. घाम बाहेर यायला बघतोय, आणि तुम्ही..."

"मी झाकण घट्ट लावलं."

"हं."

"म्हणजे मी आईला बरणीत भरलं."

तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "तुम्ही एकट्या नाही. डोंगराच्या चित्राला सगळेच भुलतात."

"पण तिच्या नडग्या? त्यांवर नखानं रेघ मारली तर खडूनं मारल्यासारखी पांढरी उठते. त्या का नाही घामेजत?"

"पंखा पायांवर असतो?"

"दिवसभर."

"मग. शिवाय नडगीला मुळातच तेल कमी. हवा कितीही दमट असली तरी ती कोरडीच. एका अंगाला एकच डबा चालत नाही. पाठीला वेगळं, नडगीला वेगळं." त्यानं आवाज खाली आणला. "आणि आपली कातडी सावळी. कोरडी पडली की लाल नाही दिसत, राखेसारखी दिसते. लोकांना वाटतं, वय झालं, चालायचंच. तुम्ही निदान बघितलंत तरी."

त्यानं दिलेल्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी ती तिथेच उभी राहून वाचू लागली. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली.

"बाई, पाठ करताय का?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"छापलेलं असलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. इथे 'सुगंध' लिहिलंय. कुठला ते लिहिलेलं नाही."

त्यानं ट्यूब तिच्या हातातून हळूच काढून घेतली, मागच्या फळीवर ठेवली आणि दुसरी, साधी पांढरी काढली. "दहा वर्षं दुकान चालवतोय. हे वाचून दाखवणारं गिऱ्हाईक पहिलंच." मग जरा अडखळत म्हणाला, "आईची कातडी तुम्हाला मिळालीय का? म्हणजे... लगेच लाल होणारी?"

"तंतोतंत."

"मग हात द्या."

त्याची पद्धत अशी होती. आजारी माणसाला नवं काही लावायचं, तर आधी रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या तरी हातावर लावून बघायचं. नात्यातलं कुणी नसेल तर स्वतःच्या. तिच्या मनगटाच्या वर, आतल्या नितळ भागावर, त्यानं काचेच्या काडीनं तीन ठिपके लावले. शेजारी पेनानं आकडे घातले. एक, दोन, तीन.

"उद्यापर्यंत इथे पाणी लावायचं नाही. उद्या येऊन दाखवायचं."

"आणि नाही आले तर?"

"तर मी समजेन, तिन्ही चांगले निघाले. आणि मला वाईट वाटेल."

घरी आल्यावर आईनं तो हात उलटसुलट करून बघितला. "हे काय, सर्वेक्षण चाललंय?" मग सगळं ऐकून घेतल्यावर बाई खुशीत आल्या. पाठ म्हणजे दमट किनारपट्टी, नडग्या म्हणजे वाळवंट, टाचा म्हणजे भेगाळलेलं पठार, अशी त्यांनी स्वतःच्या देहाची विभागणी करून टाकली. "चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. एकाच देशात तीन हवामानं असतात. आणि माझी लेक सगळ्या देशावर बर्फ टाकून मोकळी!"

*

त्यानंतर ती जात राहिली. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. कारण नेहमी असायचं. आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच लावायचं, हे विचारायला एकदा. काखेत, मांडीच्या घडीत काहीच लावायचं नाही, फक्त टिपून कोरडं ठेवायचं, हे कळायला एकदा. टाचांचं क्रीम संपलं म्हणून एकदा, आणि संपलं नव्हतं तरी एकदा. प्रत्येक ट्यूबवर तो पांढरी चिकटपट्टी लावून वळणदार अक्षरात लिहायचा: 'नडगी.' 'टाच, रात्री.' 'हात, ओल्यावर, थोडंसंच.'

"'थोडंसंच'मधला 'च' कशाला?" ती एकदा म्हणाली.

"तुम्हाला थोडंसं सांगितलं की तुम्ही भरपूर लावता. 'च' लावला की घाबरता."

"मी घाबरत नाही."

"मग स्टुलावर बसा. इतके दिवस उभ्याच आहात. जणू कुणी बघितलं तर लगेच पळता यावं."

ती बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी.

हळूहळू तिला कळत गेलं. त्याच्या कोपराच्या खोबणीत लहानपणापासून इसब होतं, शाळेत पोरं शेजारी बसायची नाहीत, बारावीपर्यंत तो भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे शर्ट घालून फिरायचा. "आता थंडीतसुद्धा दुमडतो," तो म्हणाला. "सूड म्हणून." तिनं त्या खोबणीतला गडद, खरबरीत डाग बघितला आणि नजर वळवली नाही. तोही हात मागे घेत नव्हता. पलीकडे पंखा घरघरत होता.

तिच्या घरात मात्र तेव्हा दिवस जड झाले होते. आईचं हाड जुळत नव्हतं, हृदय थकलं होतं, डॉक्टर वाक्यं अर्धवट सोडू लागले होते. रात्री चारदा उठून कूस बदलायची, चादर ओढून सरळ करायची, पाठ टिपायची. ती हे सगळं चोख करायची. तक्रारीचा एक शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. मावशी सगळ्यांना सांगायची, "लेक असावी तर अशी." हे ऐकलं की तिला आतून आक्रसल्यासारखं व्हायचं. का, ते ती कुणाला सांगत नव्हती. स्वतःलाही नाही.

*

त्या बुधवारी ती पाच मिनिटांत दुकानात पोहोचली. हातावरचा ठिपका क्रमांक दोन जरासा गुलाबी झाला होता, तेवढं दाखवून परत फिरायचं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं तिचा हात दिव्याखाली धरला आणि बघायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बघितला.

"दोन नंबर बाद," तो म्हणाला. हात सोडला नाही. "रविवारी दुकान बंद असतं. रविवारी तुम्ही... काय करता?"

"आईला आंघोळ."

"आणि नंतर?"

"नंतर ती झोपते. मी शेजारी बसून मुद्रितं बघते."

"मी येऊ? त्यांना बघायचंय. म्हणजे कातडी नाही. त्यांना."

काउंटरवर पडलेला तिचा फोन उजळला. 'मावशी.' पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. ती घरी नसताना मावशी आली की हमखास फोन करायची. साखर कुठे आहे, चहाचं भांडं कुठे ठेवलंस, ह्या खिडकीची कडी का लागत नाही.

"घ्या ना," तो म्हणाला.

"तिला साखर सापडत नसेल," ती म्हणाली, आणि फोन पालथा घातला.

तो थरथरत राहिला. थांबला. पुन्हा थरथरला. "सापडेल तिला," ती म्हणाली. "तुम्ही रविवारचं सांगत होतात." आणि तो सांगू लागला. येताना काय आणू, त्यांना काय वाचायला आवडतं, भूगोलाच्या बाईंपुढे मी नापास होणार हे नक्की... ती हसत होती. स्टुलावर मागे रेलून, पाय हलवत, शाळकरी मुलीसारखी हसत होती. अर्धा तास गेला.

ती घरी पोहोचली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि शेजारचे दोघे जिन्यात उभे होते.

मावशी पाचला आली, तेव्हा आईला दम लागला होता. मावशीनं डॉक्टरांना फोन केला, मग तिला केला, मग पुन्हा तिलाच. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. "दहा-अकरा मिनिटं, फार तर," मावशी म्हणाली. "काही बोलली नाही गं. फक्त 'आली का ती?' एवढं दोनदा विचारलं."

"फोन पिशवीत होता," ती म्हणाली. "आवाज बंद होता."

"असू दे. तुला काय माहीत?" मावशीनं तिला जवळ घेतलं.

*

माणसं आली, गेली. मावशी सोबतीला राहिली. ती पुन्हा कामाला लागली, चुका काढू लागली. बसथांब्याकडे जायला तिनं मागचा लांबचा रस्ता धरला. त्यानं दोनदा फोन केला. ते तिनं उचलले नाहीत. एकदा त्याचा निरोप आला: 'कळलं. काय लिहावं सुचत नाही.' तोही तिनं पुसला. त्यानं काही वाईट केलं होतं असं नाही. पण तो फोन पालथा पडताना ह्या जगात फक्त दोन माणसांनी बघितला होता, आणि त्यातलं एक तो होता.

आईच्या कपाटात अकरा ट्यूब निघाल्या. टाकवेनात. एके दिवशी आंघोळीनंतर तिनं 'नडगी' लिहिलेली ट्यूब घेतली आणि ते जाड क्रीम स्वतःच्या मानेला, पाठीला, हातांना फासलं. कळत नव्हतं असं नाही. कुठलं कुठे लावायचं हे तिला तोंडपाठ होतं. पण दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं, तिसऱ्याही. खिडक्या बंद, हवा कोंदलेली, अंगभर चिकट थर. आठवड्याभरात मान आणि पाठ पुरळानं फुलली. खाज सुटली की ती दात आवळून गप्प बसायची. जणू हे होणं योग्यच होतं.

मावशीला दिसलं ते ओले केस वर बांधताना.

"अगं बाई! मान आहे का विस्तव? काय लावतेस तू?"

"काही नाही. उकाडा आहे."

मावशी तडक गल्लीतल्या दुकानात गेली आणि तणतणत परत आली. "म्हणे, बघितल्याशिवाय काही देणार नाही! म्हटलं, फोटो काढून आणते. तर म्हणे, फोटोत रंग खोटा येतो. हट्टी आहे मेला." चपला काढता काढता ती थबकली. "माणूस मात्र बरा वाटला. तुझं विचारताना कात्री तीनदा हातातून पडली त्याच्या. चल, उठ."

"मी नाही येत."

"मग मी त्याला इथे आणते. घरी येतो म्हणालाय. कधीपासून यायचं होतं, असं काहीतरी पुटपुटलासुद्धा."

ते ऐकून मात्र ती उठली.

*

दुकान तसंच होतं. मावशी स्टुलावर बसली, ती उभी राहिली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच मानेकडे, जणू तेवढंच बघायची त्याला मुभा होती.

"काय लावलंत?"

"नडगीचं."

"पाठीला?"

"सगळीकडे."

त्यानं कापूस ओला केला, काउंटरच्या ह्या बाजूला आला, आणि तिच्या मानेवर इतक्या अलगद टेकवला की तिला आधी फक्त गारवा जाणवला. त्याची बोटं जाणवली ती मागाहून. "तुम्हाला माहीत होतं," तो हळू म्हणाला. विचारत नव्हता.

"हो."

मावशीला गप्प बसवेना. "फार मनाला लावून घेतलंय हो पोरीनं. चार महिने एक दिवस कुचराई केली नाही. आणि नेमक्या त्या दिवशी फोन पिशवीत राहिला बिचारीचा. इथेच होती ना ती?"

कापूस मानेवर थांबला.

तिनं डोळे मिटले. आता तो सांगेल. सांगू दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

"हो, इथेच होत्या," तो म्हणाला. "पण ह्या दुकानात फोन लागतच नाहीत. भिंती जाड आहेत. शिवाय बोलत मीच होतो. मीच थांबवून ठेवलं त्यांना. चूक माझी आहे."

त्याला खोटं बोलता येत नव्हतं. आवाज कोरडा पडला होता, कान लाल झाले होते. आणि तरी तो बोलत होता. कधी न भेटलेल्या बाईच्या बहिणीपुढे उभा राहून, त्या बाईच्या लेकीची लाज उचलून स्वतःच्या अंगावर घेत होता. महिनाभर ती ह्या माणसाला साक्षीदार समजून टाळत आली होती.

"असं होय," मावशी म्हणाली. "मग तुम्ही तरी काय करणार..."

"मावशी," ती म्हणाली.

आवाज बारीक आला. ती पुन्हा म्हणाली, "मावशी, फोन पिशवीत नव्हता."

"म्हणजे?"

"इथे होता. ह्या काउंटरवर. तुझं नाव दिसलं मला. मी तो पालथा घातला. दुसऱ्यांदा थरथरला, तरी उचलला नाही."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून त्याच्याकडे. "तुम्ही बघितलंत हे?"

"हो."

"आणि आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललात."

"हो."

"कशासाठी?"

तो कापूस नुसता बोटांत फिरवत राहिला, आणि त्याची नजर जिच्याकडे गेली, तिकडे मावशीचीही गेली. मावशीच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या. राग होता की रडू, कळत नव्हतं. कदाचित तिलाही कळत नसावं. "ती वाट बघत होती गं," मावशी म्हणाली. "मी तिला सांगत होते, येतेय, येतेय..."

"माहीत आहे."

"मग का? साखरेसाठी फोन करते म्हणून कंटाळा आला होता माझा?"

"नाही." पाठीची आग आग होत होती, घाम पुरळावरून ओघळत होता, आणि तिनं तो पुसला नाही. "मला घरी जायचं नव्हतं, मावशी. एवढंच. चार महिने मी सगळं केलं, आणि रोज, रोज मला वाटायचं की घरी जाऊ नये. कधी कुणाला म्हटलं नाही. आईला तर नाहीच. त्या दिवशी मी इथे बसले होते, हसत होते, मला फार बरं वाटत होतं. आई जात होती आणि मला बरं वाटत होतं. मला ह्यांच्यापाशी बसायचं होतं."

तिनं त्याच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ, आणि आवाज न दाबता म्हणाली,

"अजूनही बसायचंय."